पडलेलं की पाडलेलं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सातारा जिल्ह्यातल्या जुन्या घराचं छप्पर उतरवताना माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक आणि एक पोतं सापडलं. त्यात सहा वस्तू अशा निघाल्या की घरात कुणालाच त्यांचं नाव सांगता येईना. तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी. एका कडीला लटकणारे पाच-सहा लोखंडी आकडे. तीन भोकांचा लाकडी कटोरा. टोकाला भोक असलेलं पोकळ शिंग. पाठीवर पोपट बसलेला, खालून खरबरीत असा पितळी ठोकळा. आणि कमरेत बारीक असलेला एक पितळी पेला. सगळ्यांचे फोटो सोबत आहेत. हे सगळं काय आहे? आकडे म्हणजे मराठेशाहीतलं शस्त्र आहे असं एक व्यापारी म्हणतो, ते खरं का? सगळं चिंच लावून लखलखीत करून शोकेसमध्ये ठेवायचं आहे आणि अमेरिकेतल्या भावाला त्यातलं काही न्यायचं आहे, तर काय काळजी घ्यायची?

काळजी एकच, आणि ती आजच घ्या. घासू नका. चिंच नाही, लिंबू नाही, पावडर तर मुळीच नाही. कोरड्या मऊ फडक्यानं धूळ झटका, आणि आतून जो कचरा निघेल तो कागदाच्या पुडीत बांधून त्या त्या वस्तूसोबतच ठेवा. मी पुण्यात तीसेक वर्षं तांब्या-पितळेची भांडी दुरुस्त करतोय. पोचे काढणं, डाग देणं (म्हणजे कथील वितळवून भोक बुजवणं), कल्हई. गिऱ्हाईक घासूनपुसून आणतं तेव्हा माझं अर्धं काम वाढतं, कारण वस्तूनं जे सांगायचं ते सगळं मोरीतून वाहून गेलेलं असतं.

पहिल्याच वस्तूपाशी जरा थांबतो, कारण तिनं माझं नाक कापलंय.

वीसेक वर्षांपूर्वी एक गृहस्थ अशीच वाटी घेऊन आले. म्हणाले, "आईच्या माहेरची आहे, गळते. एवढा डाग देऊन टाका." मी पाहिलं. भोक सुईच्या टोकाएवढं, तळाच्या बरोबर मध्यावर. पाच मिनिटांचं काम. डाग दिला, घासून सारखा केला, पैसे घेतले. आठवड्यानं ते गृहस्थ आईलाच घेऊन दुकानात हजर. म्हातारीनं वाटी उलटी करून मला दाखवली आणि शांतपणे विचारलं, "आता ही बुडणार कशी?"

ते घटिकापात्र होतं. पाण्यावर तरंगत सोडायचं. भोकातून पाणी हळूहळू वर चढतं आणि २४ मिनिटांनी पात्र भरून बुडतं. ती एक घटका. दिवसरात्रीच्या ६० घटका, म्हणजे तासाला अडीच. लग्नाचा मुहूर्त साधायला ते पाण्यानं भरलेल्या घंगाळात सोडायचे आणि कुणीतरी त्याच्यावर डोळ्यात तेल घालून बसायचं. माणसाची 'घटका भरली' असं आपण म्हणतो ना, ती भरणारी घटका हीच. त्या बाईंच्या लग्नात हेच पात्र घंगाळात सोडलेलं होतं, आणि मी त्याची गळती थांबवून दिली होती.

भोक पुन्हा मोकळं करणं ओघानंच आलं. डाग वितळवून पुसून काढला, तरी कडेला कथलाचा पातळ पापुद्रा राहिलाच, म्हणजे भोक मुळापेक्षा बारीक झालं. टबात पाणी घेऊन पात्र सोडलं आणि घड्याळ लावून बसलो. ४१ मिनिटं. सुईनं कड जराशी खरवडली, ३३. पुन्हा जराशी, २८. इथून पुढे हात कापायला लागतो, कारण भोक मोठं करता येतं, बारीक करता येत नाही. त्यात एकदा मधेच वेळ वाढली. भोक तर मीच मोठं केलेलं, मग असं कसं? नळाच्या पाण्यातला कण अडकला होता. त्यानंतर पाणी धोतराच्या फडक्यातून गाळून घेतलं. तिसऱ्या संध्याकाळी साडेचोवीस मिनिटं आली आणि मी हात जोडून सुई खाली ठेवली.

पुढे एका कीर्तनकार गिऱ्हाइकानं सांगितलं की भागवताच्या तिसऱ्या स्कंधात या पात्राचं मापच दिलेलं आहे. सहा पळं वजनाचं पात्र, आणि चार माषे सोन्याची चार अंगुळं लांब सळई करून तिनं पाडलेलं भोक. बारीक भोकाचा व्यास मोजायला साधन नाही, तर कारागिराला तो सांगायचा कसा? सोन्याचं वजन ठरवलं, सळईची लांबी ठरवली, की जाडी आपोआप ठरली. मी तीस वर्षं धातूत हात घालतोय, पण असलं काही सुचलं नसतं.

आता मी चुकलो कुठे ते सांगतो, कारण तुमच्या सहाही वस्तूंना तीच किल्ली लागते. भोक 'पडलेलं' असतं किंवा 'पाडलेलं' असतं. पडलेल्या भोकाची कड वेडीवाकडी असते, भोवतीचा पत्रा खाल्लेला, पातळ झालेला असतो. ते भांडं जिथे चुलीवर टेकतं किंवा जमिनीवर घासतं तिथे पडतं. पाडलेलं भोक गोल, कड दाबून बसवलेली, जागा विचार करून निवडलेली. मला हे धंद्यानं माहीत होतं. तरी 'वाटी' हा शब्द ऐकला आणि डोळे मिटले. वाटीला भोक म्हणजे दोषच. वस्तूचं नाव आधी ठरवलं की हे असं होतं.

भोकच नव्हे, वस्तूवरची प्रत्येक खूण अशी विचारून घ्यायची. खाच, चकाकी, पोचा, डाग, काळेपणा, पडलेला की पाडलेला? पाडलेलं आहे ते घडवणाऱ्याचा हेतू सांगतं. पडलेलं आहे ते वापरणाऱ्याचा हात सांगतं. दोन्हींचं जुळलं तर ओळख पक्की. नाही जुळलं तर एका कामाची वस्तू दुसऱ्याच कामाला जुंपली गेली असणार, आणि आपल्याकडे ते नित्याचं आहे. तुटलेल्या खलबत्त्याचा दरवाजाला अटकाव होतो, बिनकामाच्या पितळी डब्यात खिळे जातात.

आकड्यांकडे येऊ. शस्त्र म्हटलं की किमतीत एक शून्य वाढतं, त्यामुळे व्यापाऱ्याला मी दोष देत नाही. पण तुमचा फोटो मोठा करून बघा. आकड्यांची टोकं वरच्या बाजूला वळलेली आहेत आणि बोथट आहेत. हे गंजून झालेलं नाही, कारण सगळीकडे सारखंच आहे. म्हणजे बोथटपणा पाडलेला. टोचायचं नाही, अडकवायचं आहे. मग वरची कडी बघा. ती आतून एकाच बाजूला झिजलीय, म्हणजे दोर बांधून वस्तू लटकवली जायची आणि भार खालून यायचा. गंजही बघा, खड्ड्याखड्ड्यांचा, सगळीकडे सारखा. तलवार असा गंज धरत नाही, पाण्यात बुडणारं लोखंड धरतं.

हा विहिरीतला गळ. रहाटाचा दोर तुटून पोहरा बुडाला, घागर सुटली, कळशी गेली, की हा सोडायचा. आमच्या वाड्यात एकच होता आणि बिऱ्हाडकरूंमध्ये तो फिरायचा. परत कुणी केला नाही यावरून होणारी भांडणं मी ऐकलेली आहेत. गळ तळाशी फिरवताना डोळ्यांचा काही उपयोग नाही, सगळं हातात येतं. दगडाला लागला की खर्र, गाळात गेला की काहीच नाही, आणि घागरीला लागला की दोरातून एक टण्ण अशी थरथर. मग हळूच ओढायचं. कड सापडली तर वर, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून.

माझा अनुभव असा आहे की अनोळखी वस्तू पुढ्यात आली की माणसाला दोन गोष्टी सुचतात: तलवार आणि देव. लढाईचं नाही ना, मग पूजेचं असणार. प्रत्यक्षात घरातल्या शंभर जुन्या वस्तूंपैकी नव्वद स्वयंपाकाच्या, शेताच्या, गुरांच्या नाहीतर मोजमापाच्या असतात. म्हणून तलवार आणि देव दोन्ही शेवटी आठवा.

देवावरून एक आठवलं. एका घरातून पितळी शंकूसारखी वस्तू कल्हईच्या भांड्यांबरोबर चुकून आली. तिच्यावर कुंकवाचा थर होता. देवघरात होती, दोन पिढ्या पूजा चाललेली. खाली पाहिलं तर तळाला एक भोक पाडून त्यात शिसं भरलेलं. सहज काट्यावर टाकलं, ४६० ग्रॅमच्या आसपास. एक तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम, ८० तोळ्यांचा शेर. ४० तोळे म्हणजे अच्छेर, ४६६ ग्रॅम. पाच-सहा ग्रॅम झिजेत गेले. ते वजन होतं, कुणा दुकानदाराच्या तागडीतलं, आणि शिसं भरलं होतं ते वजन बरोबर करायला. मी त्यांना वजन सांगितलं. देव्हाऱ्यातून काढा असं काही म्हटलं नाही. दोन पिढ्यांनी हात जोडले, ते काय तागडीत परत जाणार?

पण युक्ती लक्षात ठेवा. भरीव, जड, कशाच्याच उपयोगाची दिसत नाही अशी धातूची वस्तू असेल तर आधी वजन करा आणि ११.६६ नं भागा. उत्तर ५, १०, २०, ४० च्या जवळ आलं तर पुढे शोधायची गरज नाही. आपल्याकडे मेट्रिक वजनं १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं आली, त्यामुळे तोळ्या-शेराची वजनं निकामी झाली आणि घरोघरी कागदावर ठेवायचे दगड बनून राहिली.

तीन भोकांचा कटोरा म्हणजे तिफणीचं चाडं. पेरताना बाई चाड्यावर मूठ धरायची. बोटांच्या फटीतून दाणे चाड्यात पडायचे, चाड्याच्या भोकांतून बांबूच्या नळ्यांत, आणि नळ्यांतून फणांनी उकरलेल्या तासांत. तीन भोकं, तीन नळ्या, तीन फण. तुमच्या फोटोत भोकांच्या आतल्या कडा गुळगुळीत दिसताहेत आणि कटोऱ्याच्या बाहेरून एक खाच आहे. ती खाच दोरीनं पडलेली आहे, चाडं दोरीनं आवळून बसवलेलं असतं. कचरा फेकू नका म्हटलं ते इथेच कामाला येईल. भोकांच्या कोपऱ्यात टाचणी फिरवून बघा. एखादा जुना दाणा अडकलेला निघाला तर तुमच्या शेतात काय पेरत होते तेही कळेल.

एकेकाळी 'चाड्यावर मूठ धरली' म्हटलं की पेरणी सुरू झाली हे पोरालासुद्धा कळायचं. आता हॉटेलवाले हीच चाडी उलटी करून त्यात बल्ब लावतात.

शिंगाला तीन शक्यता होत्या: बंदुकीची दारू ठेवायचं शिंग, फुंकायचं शिंग आणि तुंबडी. दारूच्या शिंगाचं रुंद तोंड लाकडी चकतीनं बंद केलेलं असतं. चकती पडून गेली तरी काठावर बारीक खिळ्यांची भोकं राहतात. तुमच्या शिंगाला ती नाहीत. फुंकायचं शिंग लांब लागतं, हे जेमतेम वीतभर. उरली तुंबडी. रुंद तोंडाचा काठ बघा, घासून सपाट केलेला आहे. तो अंगावर हवाबंद बसावा म्हणून. आणि बारीक टोकाशी दातांच्या खुणा असतील, भिंग घेऊन बघाच. दुखऱ्या जागी वस्तऱ्यानं चिरा मारून शिंग टेकवायचं, टोकाकडून तोंडानं हवा ओढायची आणि भोक मेणानं बंद करायचं. आत पोकळी झाली की रक्त ओढलं जायचं. हे काम न्हाव्याचं. 'रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी' ही म्हण आपण सगळे वापरतो, पण तुंबडी हातात घेतलेला माणूस आता शोधून सापडत नाही. भोकाच्या आत काळपट चिकट काही असेल तर ते मेण असायची शक्यता फार. काढू नका. आणि हे शिंग हाताळल्यावर हात धुवा. ते कुणाकुणाच्या पाठीला लागलंय याचा हिशेब नाही.

पोपटाची वज्री आहे. अंघोळीच्या वेळी टाचा घासायची. खालचा खरबरीत भाग पाडलेला आहे, कानशीसारख्या आडव्या-उभ्या रेघा मारून. मधल्या भागातल्या रेघा पुसट झाल्या असतील, ती टाचेनं पडलेली झीज. हलवून बघा, काही वज्रींच्या पोटात खडे किंवा घुंगरू असतात. नुसत्या टाचा घासायला पोपट कशाला, असं वाटत असेल तर पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात एक चक्कर मारा. अडकित्ते, दिवे, वज्री असल्या रोजच्या वापराच्या वस्तूंवर माणसांनी किती जीव ओवाळून टाकलाय ते दिसेल. अडकित्त्यांचे तर नमुने बघत उभं राहावं. गोव्याकडे गेलात तर बाणावलीचं 'गोवा चित्र' बघा, तिथे शेतीची आणि बारा बलुत्यांची अवजारं ओळीनं मांडलेली आहेत. आपल्याकडची अर्धीअधिक अनोळखी अवजारं अशा ठिकाणी दोन तासांत ओळखीची होतात. तेही फुकटात नाही, तिकीट काढून, पण मोबाईलवर पाहण्यापेक्षा पुष्कळ बरं.

संग्रहालयापेक्षाही मोठा खजिना गावातली म्हातारी माणसं. पण त्यांना विचारायचीही एक रीत आहे. "आजी, हे काय आहे?" असं विचारलंत की आजी घाबरते. परीक्षा घेतल्यासारखं होतं. मग ती "काय की बाई" म्हणते, नाहीतर तुम्हाला बरं वाटावं म्हणून काहीतरी सांगते. नाव विचारू नका. वस्तू हातात द्या आणि हात बघत बसा.

वाईकडच्या एका गावात मी हातभर लांबीचं एक लाकूड घेऊन हिंडत होतो. त्याला दोन भोकं. एक नुसतं पोखरलेलं, कडा खडबडीत. दुसरं आतून असं गुळगुळीत आणि काळं की बोट फिरवलं तर काचेवर फिरवल्यासारखं. कुणी म्हणे जुवाचा तुकडा, कुणी म्हणे पाळण्याचं. एका अंगणात नव्वदीच्या आसपासची आजी निवडत बसली होती. मी काही न बोलता लाकूड तिच्या मांडीवर ठेवलं आणि चहा प्यायला लागलो. तिनं ते उचललं, गुळगुळीत भोकात अंगठा घालून फिरवला, आणि लाकूड डाव्या हातानं कमरेच्या उंचीला आडवं धरलं. मग ते खाली ठेवून दोन्ही हात पुढे केले. एक पुढे, एक मागे, एक पुढे, एक मागे. मला तेव्हा लख्ख समजलं. हे घुसळखांबाला बांधायचं लाकूड, मोठी रवी उभी धरून ठेवणारं. खडबडीत भोकातून दोरी जायची, गुळगुळीत भोकात रवीचा दांडा फिरायचा. वर्षानुवर्षं दांडा फिरून आणि लोण्याचे हात लागून ते भोक तसं झालं होतं. आजीला नाव आठवायला आणखी दहा मिनिटं लागली. हातांना एक क्षण लागला नाही.

तुमच्या घरी किंवा शेजारी असं कुणी असेल तर या आठवड्यात जा. उरलेलं सगळं उशिरा केलं तरी चालेल.

झीजच नसेल तर काय, असं विचाराल. त्याचंही जगप्रसिद्ध उदाहरण आहे. युरोपात रोमन काळातले बारा बाजूंचे पोकळ काशाचे गोळे सापडतात. प्रत्येक बाजू पंचकोनी, प्रत्येकीच्या मधोमध वेगवेगळ्या आकाराचं भोक, कोपऱ्यांवर गाठी. दुसऱ्या ते चौथ्या शतकातले. पहिली नोंद १७३९ ची, आजवर शंभराहून जास्त सापडले, इंग्लंडमध्ये नॉर्टन डिस्नी या गावी २०२३ मध्येही एक अख्खा निघाला. मेणबत्ती लावायचा, अंतर मोजायचा, हातमोजे विणायचा, फाशांचा खेळ, जो येतो तो नवी कल्पना काढतो. पण त्यांच्यावर कामाची म्हणावी अशी झीज नाही आणि त्या काळच्या कुठल्या लिखाणात उल्लेख नाही. म्हणजे सगळं पाडलेलं, पडलेलं काहीच नाही. म्हणून भांडण मिटत नाही. तरी झीज नसण्यानं एक गोष्ट सांगितलीच की: रोज राबणारी वस्तू नव्हती. विणायचं साधन असतं तर भोकांच्या कडा आणि गाठी चकाकल्या असत्या. इतकं कळणंही काही कमी नाही.

माझ्या धंद्यातली एक खूण मात्र तुम्हाला पुस्तकात मिळणार नाही. पितळी भांड्याला आतून कल्हई आहे का बघा. कल्हई फुकट होत नाही, त्यामुळे लोक ती लागते तिथेच करत. आमटी, ताक, चिंच-आमसूल असं आंबट ज्यात शिजतं किंवा राहतं ते भांडं आतून कल्हईचं. पाण्याच्या तांब्याच्या घागरीला कुणी कल्हई लावत नाही. धान्य मोजायच्या, पीठ ठेवायच्या भांड्याला तर नाहीच. कल्हई उडून गेली तरी सांध्यात, काठाच्या वळणाखाली पांढुरका थर राहतो. तोच थर चिंच लावून घासला की जातो, म्हणून माझा चिंचेवर राग. तुमच्या वाटीत आणि पेल्यात असा थर कुठे दिसत नाही, म्हणजे दोन्ही भांडी आंबटाच्या वाटेला गेलेली नाहीत.

विलायती वस्तू निघाल्या तर काम सोपं असतं, त्यांच्यावर काहीतरी छापलेलं असतं. 'मेड इन जर्मनी' ही ओळ ब्रिटनच्या १८८७ च्या कायद्यानंतर सर्रास दिसायला लागली. 'वेस्ट जर्मनी' असेल तर १९४९ ते १९९० मधली. मुंबईकडच्या ट्रंकांतून हस्तिदंती मुठीची पोलादी आकडी निघते, लोकांना ती दातांच्या डॉक्टरची वाटते. ती बुटांची बटणं ओढून घ्यायची. ग्रामोफोनच्या पेटीत नखं कापायच्या चिमट्यासारखं काही असेल तर ते बांबूच्या सुया तासायचं कातर. रेकॉर्ड झिजू नये म्हणून शौकीन लोक लोखंडी सुईऐवजी बांबूची लावत आणि टोक मोडलं की कापून पुन्हा वापरत. तुमच्या ट्रंकेवर झाकणाच्या आत कारखान्याचं नाव आहे का पाहा. ट्रंकेत कशाशेजारी काय होतं हेही आठवेल तेवढं आत्ताच लिहून ठेवा. वाटी घंगाळात सापडली असती तर मला एवढं लिहावंच लागलं नसतं.

भावाच्या अमेरिकेचं. १०० वर्षं किंवा त्याहून जुनी, ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येऊ शकते, आणि आली तर खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. वय शंभराच्या अलीकडे-पलीकडे असेल तर आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून 'ही पुरावस्तू नाही' असा दाखला घ्यावा. विमानतळावर कस्टमवाल्याला "अहो, टाचा घासायचं आहे" सांगून भागत नाही. शिंग गुरांचं दिसतंय. ते पिळाचं, काळविटाचं असतं तर वन्यजीव कायद्याचा वेगळाच घोर लागला असता. माझं ऐकाल तर भावाला वज्री द्या, दाखला मिळाला तर. गळ त्याच्या कामाचा नाही आणि चाडं गावातच शोभेल.

राहिला पेला. कमरेत बारीक, डमरूसारखा. तो प्यायचा नव्हे. कंबर आहे ती एका हाताच्या पकडीसाठी. धान्य मोजणारा दिवसभर पोत्यात हात घालतो, त्याला पकड लागते. हे धान्याचं माप दिसतं. दोन कोळवी म्हणजे चिपटं, दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेरांची पायली. मापं अशी दुपटीनं चढत जातात. पण गावोगावचा शेर वेगळा असल्यामुळे नुसत्या फोटोवरून हे चिपटं की मापटं ते ठरवायचं नाही. काठ बघा: एका बाजूनं तिरका झिजला असेल तर पोत्यात एकाच हातानं खुपसून भरलेला आहे. तळ बघा: ठसा, आकडा, मालकाच्या नावाचं अक्षर, मोडीतही असू शकतं.

मग दोन मापं घ्या. एकदा पाणी काठोकाठ भरून ते मोजपात्रात ओता. दुसऱ्यांदा तांदूळ शिगेनं भरा, म्हणजे काठावर ढीग उभा राहील तितका, आणि ते वजन करा. धान्य शीग लावून मोजायचे, त्यामुळे नुसत्या पाण्याच्या मापावर विसंबलात तर फसाल. पोत्यात असाच पण लहान किंवा मोठा दुसरा पेला निघाला तर लहानानं मोठा दोनदा भरतो का तेही करून बघा. तांदूळ ओतायच्या आधी आतली धूळ पुडीत बांधायला विसरू नका. ते दोन आकडे, काठाचा एक जवळून फोटो आणि तळाचा एक, एवढं पाठवा.